सेन्सर लावण्याआधी: खान्देशातल्या छोट्या कारखान्यानं हरित डिजिटल उत्पादनाची तयारी कशी करावी

जळगावच्या एमआयडीसीत चटईचे लूम आहेत, पाइपच्या लाइनी आहेत, डाळ मिल आहेत. धुळ्याकडं तेलगिरण्या आणि पॉवरलूम, नंदुरबारला मिरची, आणि कापसाच्या पट्ट्यात ठिकठिकाणी जिनिंग-प्रेसिंग. अशा एखाद्या कारखान्यात तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, किंवा वडिलांनी ‘आता तू बघ’ म्हणत चाव्या हातात दिल्या असतील, आणि कुणीतरी ‘डिजिटल करा, पर्यावरणाचंही बघा’ असं सांगून गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

शब्द मोठे आहेत, काम तेवढं अवघड नाही. एक किलो चांगला माल बाहेर पडताना किती वीज, किती पाणी, किती कच्चा माल गेला आणि किती वाया गेला, हे वेळेवर कळणं आणि त्यावर काहीतरी करणं, एवढाच त्याचा गाभा. महिनाअखेरीला बिल आल्यावर कळलं तर फक्त हळहळता येतं. दुपारी तीनला कळलं तर वॉल्व्ह बंद करता येतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मीटर आणि सेन्सर विकत मिळतात. आकडा खरा सांगणारी माणसं आणि तो ऐकून घेणारा मालक, हे कारखान्यातच घडवावं लागतं. माझ्या पाहण्यात जिथं जिथं स्क्रीन बंद पडून धूळ खात आहेत, तिथं तंत्रज्ञान क्वचितच फसलेलं होतं.

आत्ताच का?

कारण बाहेरून विचारणा सुरू झाली आहे. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांकडं आकडे मागतात. तुम्ही त्यांना पाइप किंवा पॅकिंगचा माल देत असाल तर प्रश्नावली आज ना उद्या तुमच्याकडं येणार. प्लास्टिक पॅकेजिंगमध्ये असाल तर २०२२ पासून उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम आहेत, म्हणजे आपल्या प्लास्टिकच्या कचऱ्याची जबाबदारीही उत्पादकावरच, तिथंही किलोचा हिशेब लागतो. आणि वीजबिल तर दर महिन्याला येतंच.

पहिली पायरी: आपण कुठं उभे आहोत?

जर्मनीतल्या अकाटेक या अभियांत्रिकी अकादमीनं कारखान्यांच्या डिजिटल वाटचालीच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत: संगणकीकरण, यंत्रांची जोडणी, काय चाललंय ते दिसणं, का चाललंय ते समजणं, पुढं काय होईल याचा अंदाज येणं आणि शेवटी यंत्रणेनं स्वतःहून जुळवून घेणं. त्याच मांडणीत कंपनीची संस्कृती हा चार मुख्य भागांपैकी एक धरला आहे. तुम्हाला सहावी पायरी गाठायची घाई नाही. तिसरी नीट गाठली तरी छोट्या कारखान्याचा बराच फायदा होतो.

सल्लागार बोलावण्याआधी हे प्रश्न स्वतःला विचारा, आणि उत्तरं शॉपवर फिरून मिळवा, ऑफिसात बसून नाही.

रात्रपाळीत मशीन पाऊण तास बंद होतं, हे सकाळी कुणाला माहीत असतं? कारण कुठं लिहिलेलं असतं का? रजिस्टरमधलं उत्पादन, गोडाउनमधला माल आणि गेटपास यांची बेरीज जुळते का? ऑपरेटरनं ‘माझ्याकडून दोन गोणी माल खराब गेला’ असं सांगितलं तर पुढं काय होतं? आणि वीजबिल कोण वाचतं?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण तोच सगळ्यात जास्त सांगून जातो. बहुतेक ठिकाणी बिल अकाउंटंटकडं येतं, तो तारीख बघून भरतो आणि फाइलला लावतो. ज्यांच्या हातात बटणं आहेत त्या सुपरवायझर आणि फिटरनं ते कागद कधी पाहिलेलेच नसतात. तुमच्याकडं असं असेल तर तुमचं पहिलं काम ठरलं.

दुसरी पायरी: वीजबिल उत्पादनाच्या टेबलावर आणा

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. एका साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये महिना, युनिट, कमाल मागणी, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खरंच कामी आलेल्या विजेचं प्रमाण) आणि त्या महिन्यात बाहेर पडलेला चांगला माल किलोत लिहा. उच्चदाब जोडणी असेल तर महाराष्ट्रात २०२० पासून आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे कामी न आलेली वीजही धरणाऱ्या मोजमापावर होते, त्यामुळं पॉवर फॅक्टर सांभाळणारा कपॅसिटर मेला आणि पॉवर फॅक्टर घसरला की बिलाचे युनिटच वाढतात. दिवसाच्या वेळेनुसार दर बदलत असतील तर ते रकानेही नीट बघा. कुठलं काम कोणत्या तासाला करावं हे त्यावरून ठरतं.

मग भागाकार करा. समजा एका महिन्यात ४०,००० युनिट जळाले आणि ८०,००० किलो माल निघाला. किलोमागं ०.५ युनिट. पुढच्या महिन्यात ४२,००० युनिट आणि माल ७०,००० किलो. बिल थोडंच वाढलं म्हणून कुणी काही बोलणार नाही, पण किलोमागं ०.६ युनिट झाले, म्हणजे २० टक्के जास्त. हाच आकडा तुमचा मुख्य आकडा. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेव्हा त्याला ०.७ नं गुणलं की किलोमागचा कार्बनही मिळतो. जनरेटर चालत असेल तर लिटरभर डिझेलमागं सुमारे २.७ किलो धरा. मोठ्या ग्राहकाच्या प्रश्नावलीतला अर्धा भाग इथंच भरून होतो.

यानंतर एक आलेख काढा: आडव्या अक्षावर महिन्याचं उत्पादन, उभ्यावर युनिट. बारा ठिपके पडतील. त्यांच्यामधून सरळ रेषा ओढली की ती उभ्या अक्षाला शून्याच्या बरीच वर भेटते. तेवढी वीज एक किलोही माल न काढता जाते.

ती खरी की खोटी, हे तपासायची आपल्याकडं चांगली सोय आहे. आखाजीला लोक गावी जातात, कानबाईच्या दिवशी शेड रिकामं असतं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आणि कामावर परतल्यावर सकाळी मेन मीटरचं रीडिंग घ्या. कारखाना बंद असताना मीटरनं काय खाल्लं ते दिसेल. चालू राहिलेला कूलिंग टॉवरचा पंप, हवा गळणारी लाइन भरत बसलेला कॉम्प्रेसर, रिकाम्या ऑफिसातला एसी, प्लास्टिक वितळवणारा, तापवत ठेवलेला बॅरल. यातलं बरंचसं एक पैसा खर्च न करता थांबतं.

तिसरी पायरी: आपल्या धंद्याचा खरा आकडा निवडा

सगळीकडं वीजच पहिली असं नाही. डाळ मिलमध्ये मी आधी उतारा बघायला सांगेन: शंभर किलो तुरीतून चांगली डाळ किती, तुकडा किती, चुनी (जनावरांच्या खाद्यात जाणारा भुसा-चुरा) किती. त्या तुरीच्या दाण्यामागं शेतातलं पाणी, खत आणि डिझेल आधीच खर्च झालेलं असतं. रोलरचं अंतर चुकल्यामुळं दाणा चुनीत गेला तर ते सगळं स्वस्तात पेंडीच्या भावानं गेलं. जिनिंगमध्ये १७० किलोच्या गासडीमागं किती युनिट हा आकडा धरा. मिरचीच्या कामात पॅकिंगपर्यंत किती माल काळा पडला किंवा भिजला, ते धरा.

प्लास्टिकवाल्यांनी मात्र थोडं थांबून वाचावं. चटई असो वा पाइप, ‘आमच्याकडं भंगार शून्य’ हे वाक्य हमखास ऐकू येतं, कारण खराब माल ग्राइंडरमध्ये दळून पुन्हा हॉपरमध्ये जातो. कच्चा माल वाचतो हे खरं. पण तो माल वितळवायला एकदा वीज गेली, दळायला पुन्हा गेली, आणि परत वितळवायला तिसऱ्यांदा. शिवाय दर फेरीला दाण्याचा दर्जा उतरतो. म्हणून मोजायचं ते ‘पहिल्याच फेरीत पास झालेले किलो’. पाइपमध्ये त्याच्या जोडीला मीटरमागचं वजन घ्या. ठरल्यापेक्षा जाड पाइप गेला तर ग्राहक तक्रार करत नाही, म्हणून ही गळती वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

एकच आकडा निवडा, फार तर दोन. दहा आकडे लावलेल्या फळ्याकडं कुणी बघत नाही.

चौथी पायरी: माणसं

इथं घाई केलीत तर पुढची सगळी गुंतवणूक वाया जाईल, म्हणून हा भाग मोठा लिहितोय.

मशीनवर मीटर बसला की ऑपरेटरच्या मनात पहिला विचार येतो: माझ्यावर पाळत ठेवली. तो चुकीचा नाही. अनेक ठिकाणी तसंच झालेलं आहे. पहिल्याच आठवड्यात आकडा काढून एखाद्याला सगळ्यांसमोर झापलं, की दुसऱ्या आठवड्यापासून आकडे सुंदर येऊ लागतात आणि खरं काहीच उरत नाही. म्हणून मालकानं किंवा मॅनेजरनं सगळ्यांना एकत्र उभं करून स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं की पहिले तीन महिने आकडा मशीनचा आहे, माणसाचा नाही, आणि त्यावरून कुणाचा पगार कापला जाणार नाही. मग ते पाळायला हवं. एकदा जरी मोडलं तरी लोक कायम लक्षात ठेवतात.

थांब्यांची कारणं लिहायला एक फळा लावा. कारणं त्यांच्याच तोंडची घ्या: दाणा संपला, डाय चोकप, लाइट गेली, फिटर आला नाही, माल ठेवायला जागा नाही. सहा-सात पुरेत. फळ्याच्या डोक्यावर ‘डाउनटाइम ॲनालिसिस’ लिहिण्यापेक्षा ‘मशीन काबर बंद पडनं?’ असं अहिराणीत लिहिलंत तर धुळे-शिरपूरकडचा माणूस खडू उचलायला कचरणार नाही. उत्तरेकडून आलेले कामगार असतील तर शेजारी हिंदी लिहा. निरक्षर हेल्पर असेल तर चित्र काढा. टॅब आणि ॲप पुढं बघू. खडूच्या फळ्यावर जो कारखाना महिनाभर खरं लिहू शकत नाही, तो टॅबवरही लिहिणार नाही.

मजुरी कशी देता तेही तपासा. टनावर किंवा नगावर पैसे असतील तर मशीन थांबवून सेटिंग नीट करणं कामगाराला तोट्याचं पडतं. तो खराब माल काढत राहील आणि ग्राइंडर आहेच. अशा ठिकाणी पोस्टर लावून काही होणार नाही. पहिल्या फेरीत पास झालेल्या किलोवर थोडे पैसे ठेवा, चित्र बदलतं.

पाळी बदलताना दहा मिनिटं उभ्या-उभ्या बैठक घ्या. जाणारा ऑपरेटर, येणारा ऑपरेटर, फिटर, वायरमन, आणि आठवड्यातून एकदा अकाउंटंटसुद्धा. फळ्यासमोर उभं राहून तीन गोष्टी बोला: काल काय थांबलं, का थांबलं, आज कोण काय करणार. खुर्च्या नकोत, चहा नंतर.

मालक शॉपवर आल्यावर पहिला प्रश्न काय विचारतो, यावर सगळा कारखाना चालतो. रोज ‘किती टन काढला भाऊ?’ एवढंच विचारलं जात असेल, तर लोक टन काढतील, मग वीज कितीही जाओ. त्याच्या जोडीला ‘किती परत दळला?’ हा प्रश्न रोज आला पाहिजे. शेठ स्वतः विचारू लागले की सुपरवायझर तो आकडा आधीच तयार ठेवतो.

जुन्या माणसाला आधी भेटा. बेअरिंगचा आवाज ऐकून ‘हे चार दिवसांत जाणार’ सांगणारे नाना किंवा आप्पा प्रत्येक कारखान्यात असतात. सेन्सर कुठं लावायचा हे त्यांना विचारून ठरवा. त्यांना डावलून बसवलेला सेन्सर पहिल्या चुकीच्या आकड्याला बदनाम होतो. त्यांच्या सल्ल्यानं बसवलेला सेन्सर चुकला तर तेच दुरुस्त करायला धावतात.

हातानं निवडणाऱ्या, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका असतील तर कलर सॉर्टर किंवा तसं यंत्र येण्याआधी त्यांच्याशी बोला. कुणाचं काम जाणार, कुणाला दुसरीकडं घेणार, हे आधी ठरवून सांगा. ‘पर्यावरणासाठी’ म्हणून आलेलं यंत्र एखाद्या घरची चूल विझवणार असेल, तर त्याची चर्चा लपूनछपून व्हायला नको.

तयारीची माझी कसोटी एकच आहे. हवेची गळती दाखवणाऱ्या हेल्परची तक्रार आठ दिवसांत दुरुस्त झाली का? झाली, तर तो दुसरी दाखवेल. नाही झाली, तर तो पुन्हा बोलणार नाही, आणि मग तुम्हाला त्याच गळतीसाठी महागडं यंत्र घ्यावं लागेल.

पाचवी पायरी: आता मीटर

सुरुवात मेन इनकमर (कारखान्यात वीज येते ती मुख्य जोडणी), कॉम्प्रेसर आणि सगळ्यात जास्त वीज खाणारं एक मशीन, एवढ्यावर करा. आरएस-४८५ जोडणी (आकडे तारेनं बाहेर पाठवायची सोय) असलेला मल्टिफंक्शन मीटर, सीटी (मोठा करंट मोजण्यापुरता लहान करणारा ट्रान्सफॉर्मर) आणि आकडे गोळा करून इंटरनेटवर पाठवणारा एक गेटवे लागतो. जुन्या मशीनला पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) नसेल तरी अडत नाही. रोलरवर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर लावला की फेरे मोजता येतात आणि फेऱ्यांवरून लांबी. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांचा आकडा पुरे. पॅनलमधलं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. चालू लोडवर सीटीची सेकंडरी (मीटरकडं जाणारी बाजू) उघडी राहिली तर जीवघेणा दाब तयार होतो.

आपल्या हवेचाही विचार करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ च्या पुढं जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. उपकरण ५५ अंशांना चालणारं आहे का, ते विचारा. डाळ मिल आणि जिनमध्ये डबा धूळबंद, आयपी ६५ दर्जाचा घ्या. लाइट गेली तरी गेटवे चालू राहील असा छोटा यूपीएस हवा, आणि इंटरनेट नसताना आकडे आतच साठले पाहिजेत.

पहिला शोध कॉम्प्रेसरवर घ्या, कारण इथं निकाल लगेच दिसतो. कारखाना बंद असताना हवा वापरणारं सगळं बंद करा आणि कॉम्प्रेसर चालू ठेवा. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) जातो, ते घड्याळ लावून मोजा. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, गुणिले शंभर, ही गळतीची टक्केवारी. तीन मिनिटं लोड आणि सात मिनिटं अनलोड म्हणजे ३० टक्के हवा कुणी न वापरता जातेय. सात बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) दाबाच्या लाइनवर तीन मिलिमीटरचं भोक सुमारे तीन किलोवॅट खातं. अखंड चालला तर महिन्याला दोन हजारांहून जास्त युनिट. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जोड तपासा. गळत्या बंद केल्यावर दाब खरंच किती लागतो ते बघून हळूहळू उतरवा. एक बार कमी केला तर सहा-सात टक्के वीज वाचते. आणि हवा ओढायचं तोंड तापलेल्या खोलीतून काढून उत्तरेच्या सावलीत न्या. आत येणारी हवा चार अंशांनी गार झाली की साधारण एक टक्का वीज कमी लागते. खान्देशात हा फरक मोलाचा आहे.

प्लास्टिकच्या मशीनवर बॅरलच्या हीटरला इन्सुलेशन जॅकेट घाला. वीज वाचते, आणि शेजारी उभ्या माणसाला उन्हाळ्यात जरा बरं वाटतं.

सहावी पायरी: आठवड्याला एक बदल

आकडे येऊ लागले की दर सोमवारी एकच बदल ठरवा, आठवडाभर करा, पुढच्या सोमवारी आकडा बघा. दोन बदल एकदम केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही. फरक नाही पडला तर तेही लिहून ठेवा. दोन वर्षांनी येणाऱ्या नव्या इंजिनिअरला त्या वहीचा उपयोग होईल.

सोलर कधी?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि आपल्याकडं ऊन भरपूर आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे तो त्याच जोरावर. पण बंद कारखान्यातही जाणारी वीज आधी थांबवा, मग सोलरचा आकार ठरवा. नाहीतर गळक्या लाइनीला पुरेल एवढे पॅनल विकत घ्याल. उन्हानं पॅनल तापलं की २५ अंशांपुढं दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणून माहितीपत्रकातला आकडा मे महिन्याला लावू नका. धुळीसाठी धुण्याचं पाणी कुठून आणणार, तेही आधीच ठरवा.

खरेदी आणि करार

सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सगळा डेटा तुमच्या मालकीचा, तो केव्हाही एक्सेलमध्ये काढता येईल, आणि ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडं राहील. वार्षिक भाडं थकलं तर जुने आकडे दिसतील का, हेही विचारा. स्क्रीन मराठीत होत असेल तर तीच घ्या. बदललेले मीटर, बॅटऱ्या आणि बोर्ड भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत, पण दोन्ही नोंदणीकृत रिसायकलरकडंच द्या.

मदत कुठं मिळेल?

केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची झेड ही प्रमाणपत्र योजना इथून सुरुवात करायला योग्य आहे: दोष शून्य, पर्यावरणावर परिणाम शून्य. कांस्य, रौप्य, सुवर्ण असे तीन टप्पे. २०२२ च्या सुधारित रचनेत प्रमाणपत्राच्या शुल्कावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत ठेवली होती. उद्यम नोंदणी लागते. आधी ऑनलाइन शपथ घ्यायची, मग कांस्य. अर्जाच्या दिवशीच्या अटी वाचून घ्या. ऊर्जा तपासणीसाठी महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा संस्थेकडं आणि इतर योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा.

जळगाव, धुळे, शिरपूरला अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि पॉलिटेक्निक आहेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवाच असतो. वर्ष सुरू होतानाच विभागप्रमुखांना भेटा, आणि मुलांना ‘ॲप बनवा’ न सांगता ‘आमच्या कॉम्प्रेसरची गळती मोजा आणि अर्ध्यावर आणा’ असं काम द्या. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झालेली विप्रो पुढं संगणकात गेली, ते याच मातीतून. इथल्या पोरांना हे काम नवखं नाही.

झेडच्या कांस्य टप्प्यासाठी बसाल तेव्हा बरेचसे पुरावे तुमच्याकडं आधीच असतील: बारा महिन्यांची बिलाची वही, थांब्यांच्या फळ्याचे रोजचे फोटो, गळती चाचणीची नोंद, सोमवारच्या बदलांची यादी. त्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चालू संमतीपत्राची प्रत जोडा, आणि यंत्र किंवा क्षमता बदलली असेल तर ती संमती आधी सुधारून घ्या.